दारेसलाम ते अरुशा : काळ्या लाकडाची तिजारत

पूर्व आफ्रिका म्हटले की आपल्या बाजारात पहिली आठवण निघते ती कापडाची. मोंबासा बंदरात काद्रदिना हाजी एसाक या हिंदुस्थानी व्यापाऱ्याने १८८७ साली सुरू केलेल्या पेढीचा छाप आजही तिथल्या बायकांच्या खांग्यावर, म्हणजे छापील जोडवस्त्रावर, ओळखला जातो. छाप आहे ‘माली या अब्दुल्ला’. अब्दुल्लाचा माल! ज्याला थोडीफार उर्दू येते त्याला हे वाक्य समजायला दुभाषी लागत नाही. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’, हिशेबाला ‘हेसाबू’, रंगाला ‘रंगी’ आणि सरकारला ‘सेरिकाली’ म्हणतात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला त्या बाजारात पहिल्या दिवशीही अगदी परके वाटू नये.

या लेखाचा विषय मात्र कापड नाही. आपल्यासारख्याच व्यापारी घराण्यांनी त्या मुलखात एका वेगळ्या मालाचा धंदा उभा केला, त्याची हकीकत आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवायची आहे. तो माल म्हणजे लाकडातील कोरीव शिल्पे.

टांझानियाच्या उत्तरेला मेरू पर्वताच्या पायथ्याशी अरुशा हे शहर आहे. सेरेंगेटी, गोरोंगोरो, तारांगिरे या जंगलांकडे जाणारे पर्यटक इथूनच निघतात. शहराबाहेर दोदोमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानभाई कुटुंबाने १९९४ साली ‘कल्चरल हेरिटेज सेंटर’ सुरू केले. सुरुवात स्मृतिवस्तूंच्या दुकानाने झाली आणि पुढे त्याच आवारात मोठी कलादालनाची इमारत उभी राहिली. तिचे आकार ढोल, ढाल आणि भाला यांवरून घेतले आहेत. आत वळसे घेत चढत जाणारा उतरता मार्ग आहे, त्याच्या कडेने आफ्रिकेतील जुने मुखवटे, लाकडी मूर्ती, आजच्या शिल्पकारांची कामे आणि रंगचित्रे मांडली आहेत. पारंपरिक आणि आधुनिक दोन्ही एकाच छताखाली, आणि चालवणारे एकच कुटुंब.

धंद्याच्या नजरेने पाहिले तर जागेची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशी गिऱ्हाईक विमानतळावरून शहरात येते, जीपमध्ये बसते आणि जंगलाकडे निघते. जाताना किंवा येताना त्याला थांबायला, हातपाय धुवायला, घरच्यांसाठी काही घ्यायला एक जागा हवी असते. २०२३ साली टांझानियात सुमारे १८ लाख परदेशी पाहुणे आले. त्यांतला लहानसा हिस्सा जरी अशा रस्त्यावर थांबला तरी गल्ला भरतो. आवारात तंझानाइट या निळ्या खड्याचे दागिने आहेत (हा खडा जगात फक्त अरुशाजवळच्या मेरेरानी भागातच खाणीतून निघतो), कापड आहे, छोट्या कोरीव वस्तू आहेत. दहा-वीस डॉलरचा माल रोज खपतो. मोठे शिल्प मात्र महिनोन्महिने उभे राहते. आपल्याकडे पैठणीचे दुकान रुमाल आणि ब्लाऊजपीसवर चालते, तसाच हा हिशेब. छोट्या मालाच्या नफ्यावर मोठ्या मालाची जागा, विमा आणि वाट पाहण्याचा खर्च निघतो. एकट्या शिल्पांवर एवढी इमारत उभी करणे कोणत्याही घराण्याला जड जाईल.

इथे काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल की माणसांच्या आणि भुतांच्या आकृत्यांची तिजारत मुसलमान व्यापाऱ्याने करावी काय? हा मसला आलिमांनी सांगायचा आहे, कापड विकणाऱ्याने नव्हे. एवढे खरे की पूर्व आफ्रिकेत हा धंदा वाढवण्यात मुसलमान व्यापाऱ्यांचा वाटा आहे, आणि जे घडले ते जाणून घेण्यात हरकत नसावी.

या शिल्पकलेतील सर्वांत नामांकित कारागीर म्हणजे माकोंदे जमातीचे लोक. टांझानियाचा आग्नेय कोपरा आणि मोझांबिकचा उत्तर भाग यांच्यामधून रुवुमा नदी वाहते. तिच्या दोन्ही तीरांवरील पठारांवर माकोंदे राहतात. कोरीव काम त्यांच्या रक्तात आहे असे लोक म्हणतात. रक्तात वगैरे काही नसते, बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे वाकस चालवावी लागते. त्यांचे जुने काम विकण्यासाठी नव्हतेच. मुलगे वयात येतात तेव्हाच्या विधीत नाचणारा माणूस डोक्यावर ‘मापिको’ मुखवटा घालतो. हा मुखवटा हलक्या, मऊ लाकडाचा असतो, टोपासारखा पूर्ण डोक्यावर बसतो, नाचणारा तोंडाच्या फटीतून बाहेर बघतो. त्यावर खऱ्या माणसाचे केस लावलेले असतात, चेहऱ्यावरील गोंदणाच्या रेषा मेणाने उठवलेल्या असतात. हा मुखवटा कोणी केला हे विचारायचे नसते. तो जमातीचा असतो. काम झाले की लपवून ठेवायचा.

विसाव्या शतकात माकोंदे लोक मोझांबिकमधून टांगानिकात येऊ लागले. तिकडे पोर्तुगीज सरकारची सक्तीची मजुरी होती, इकडे सिसल म्हणजे घायपाताच्या मळ्यांवर रोजंदारी मिळत होती. मळ्यावर काम करायचे आणि उरलेल्या वेळात कोरायचे. दारेसलामला आल्यावर त्यांनी लाकूड बदलले. मऊ लाकडाऐवजी ‘म्पिंगो’ हे काळे, जड लाकूड घेतले, कारण गोऱ्या गिऱ्हाइकाला ते आवडे. सुरुवातीला घडे घेतलेल्या बायका, म्हातारे, शिकारी अशा रोजच्या माणसांच्या आकृत्या होत. त्यांना ‘बिनादामू’ म्हणतात. बनी आदम! शब्द आपलाच आहे.

याच काळात, १९५०च्या दशकात, दारेसलाममध्ये मोहम्मद पीरा नावाचे हिंदुस्थानी वंशाचे व्यापारी या कारागिरांकडून माल घेऊ लागले. बाजारात तेव्हाही अनेक विक्रेते होते. पण माकोंदे कलेवर अभ्यास करणाऱ्यांनी ज्याचे नाव आवर्जून घेतले असा व्यापारी म्हणजे पीरा. कारण सांगतो.

सामाकी लिकांकोआ नावाचा एक कारागीर होता. १९५९ साली त्याने कोरलेली एक आकृती मोडली, असे सांगितले जाते. मोडका बिनादामू कोण घेणार? सामाकीने तो फेकला नाही. त्याच्या लोकांच्या गोष्टींमध्ये ‘न्नांदेंगा’ नावाचे रानातले भूत आहे, अर्ध्या-मुर्ध्या अंगाचे, विचित्र. मोडलेल्या तुकड्यातून त्याने ते भूत काढले. वाकडे अंग, पोकळ पोट, माणसासारखे आणि तरीही माणूस नव्हे. हे घेऊन तो पीरांकडे गेला. पीरांनी ते विकत घेतले आणि असेच आणखी कर म्हणून सांगितले. त्यातून माकोंदे शिल्पाची एक सबंध नवी जात निघाली, तिला ‘शेतानी’ म्हणतात. अर्थ सांगायची गरज नाही.

कापडवाल्याला या गोष्टीचे वजन लगेच कळते. आमच्याकडे तागा कुठे डागाळला, धागा तुटला की तो ‘सेकंड’ होतो, भाव उतरतो, कारागिराच्या मजुरीतून कापला जातो. चुकलेला माल पाहून “ह्यात काहीतरी नवीन आहे” असे म्हणणारा व्यापारी आम्ही फार थोडा पाहिला आहे. शिवाय ती वस्तू कुठल्या भावाने विकायची हे पीरांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते. तिचे गिऱ्हाईकच अजून जन्माला आले नव्हते. म्हणजे पैसा आपला, धोका आपला, आणि कल्पना मात्र कारागिराची. पुस्तकातले चित्र दाखवून “हुबेहूब असे कर” म्हणणारा दलाल दिवसाला दहा भेटतात. त्यांनी माल वाढतो, हुनर वाढत नाही.

तिसरी जात ‘उजामा’. यात एकाच ओंडक्यात खांबासारखी एकावर एक चढलेली, एकमेकांना आधार देणारी पंधरा-वीस माणसे कोरलेली असतात, काही शिल्पे माणसाएवढी उंच. ही शैली याकोबो सांग्वानी या कारागिराने सुरू केली असे मानतात. आधी तिचे नाव ‘दिमूंगो’ होते, आणि मूळ चित्र कुस्ती जिंकलेल्या पहिलवानाला मित्रांनी खांद्यावर उचलल्याचे. पुढे १९६७ साली राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी अरुशा जाहीरनामा काढून ‘उजामा’ म्हणजे भाऊबंदकीचा, सामायिक जीवनाचा समाजवाद जाहीर केला. ‘जमाअत’ हाच तो धातू. सरकारी धोरणाचे नाव चालते झाल्यावर बाजाराने पहिलवानाच्या शिल्पाला तेच नाव लावले. लाकूड तेच, कोरणारे तेच, लेबल बदलले आणि माल उठला. व्यापाऱ्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

त्याच धोरणाचा दुसरा हात हिंदुस्थानी वंशाच्या व्यापाऱ्यांवर पडला. १९६७ नंतर बँका आणि मोठ्या आयात-निर्यात कंपन्या सरकारजमा झाल्या, १९७१ साली भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेण्याचा कायदा झाला. असंख्य खोजा, बोहरा आणि इतर गुजराती कुटुंबे इंग्लंड-कॅनडाकडे निघून गेली. जी राहिली त्यांनी नव्याने मांडणी केली. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने खाजगी व्यापाराला पुन्हा वाट दिली. १९९४ साली अरुशाच्या रस्त्यावर खानभाईंनी दार उघडले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे.

माकोंदे शिल्पाचे नाव दूर गेले. १९८९ साली पॅरिसमधील पाँपिदू केंद्रातील गाजलेल्या प्रदर्शनात मोझांबिकचा माकोंदे शिल्पकार जॉन फुंदी याची कामे मांडली गेली. जपानमध्ये मिए प्रांतात माकोंदे शिल्पांचे स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. जॉर्ज लिलांगा (निधन २००५) याने शेतानींना लाकडातून उचलून रंगीत चित्रांत नेले आणि युरोपात नाव कमावले. पण हे मोजके लोक. एक शेतानी खपला की शंभर जण तोच कोरायला बसतात. आमच्या साडीच्या डिझाईनचे जे होते तेच. पहिल्या महिन्यात नवलाई, सहाव्या महिन्यात फुटपाथ.

आणि यात कारागिराचे नाव हरवते. इथेच आम्हाला या धंद्याचा खरा हिशेब दिसतो. जुन्या मापिकोवर कोणाचे नाव नाही, कारण तो जमातीचा होता, नाव असणेच गैर. नव्या शिल्पावर नाव नसते त्याला असे काही कारण नाही. ते घडवणारा जिवंत माणूस आहे, त्याने ते विकण्यासाठीच केले आहे. नाव गळते ते खरेदीच्या वेळी. व्यापारी नगावर पैसे देतो, वहीत “लहान ६, मोठे २” असे लिहितो, आणि माल फळीवर जातो. पुढे तेच शिल्प एखाद्या परदेशी संग्राहकाकडे पोहोचते तेव्हा तो विचारतो, कोणाचे काम? नाव सांगता आले तर किंमत अनेक पटींनी चढते. नाव नसेल तर ते ‘माकोंदे, विसावे शतक’ एवढ्यावर राहते. म्हणजे वहीतील एक ओळ न लिहिल्याने कारागिराचे तर नुकसान झालेच, दुकानाचेही झाले. सामाकीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते पीरांनी ते लक्षात ठेवले आणि विचारणाऱ्यांना सांगितले म्हणून. आपल्याकडच्या मागवाल्याचे, जरीवाल्याचे, चिताऱ्याचे नाव किती पेढ्यांच्या वहीत असते?

कारागिराची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. त्याला आज संध्याकाळी पीठ हवे असते. माल ठेवून जा, विकला की पैसे देतो, ही पद्धत दालनाला सोयीची आणि त्याला मारक. रोख घेणारा व्यापारी भाव कमी देतो तरी कारागीर त्याच्याकडेच जातो. काही व्यापारी लाकूड पुरवतात किंवा उचल देतात. उचल घेतली की कारागीर बांधला जातो, हे मालेगाव-भिवंडीत कोणाला समजावून सांगायला नको. जे घराणे दोन-तीन पिढ्या एकाच जागी बसले आहे त्याला निदान तोंड लपवता येत नाही. कारागिराचा मुलगाही त्याच दुकानात माल घेऊन येतो आणि बापाला काय भाव मिळाला होता ते त्याला ठाऊक असते. कौटुंबिक धंद्याचा हा गुण आम्हाला मोठा वाटतो.

जुन्या मालात नावाऐवजी कागद लागतो. १९८४ साली दारेसलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एक माकोंदे मुखवटा चोरीला गेला. १९८५ साली जिनिव्हाच्या बार्बिए-म्युलर संग्रहालयाने, जे एका श्रीमंत घराण्याचे खाजगी संग्रहालय होय, तो पॅरिसमध्ये पैसे मोजून खरेदी केला. १९९० साली एका इटालियन प्राध्यापकाने तो ओळखला आणि चोरीचा असल्याचे कळवले. त्यानंतर बोलणी, पत्रे, मध्यस्थी असे चालत तो मुखवटा २०१० च्या मे महिन्यात टांझानियाला परत करण्यात आला. ओळख पटल्यावर वीस वर्षे! घेणाऱ्याने दाम मोजला होता, पण विकणाऱ्याकडे तो कुठून आला हा सवाल वेळेवर विचारला गेला नाही. जुने मुखवटे ठेवणाऱ्या प्रत्येक दालनाला हा किस्सा पाठ असायला हवा. नवीन शिल्पात हा धोका नाही. तिथे कारागिराची पावती हाच मालाचा दाखला.

आता लाकूड. म्पिंगो हे आपल्या शिसवीचे भावंड आहे. शास्त्रीय भाषेत आपली शिसव, उत्तरेकडील शीशम आणि आफ्रिकेचे म्पिंगो ही तिन्ही ‘डालबर्जिया’ घराण्यातील झाडे. म्पिंगो इतके घट्ट की पाण्यात टाकले तर बुडते. बाहेरची साल काढली की फिकट पिवळसर थर, आणि आत जांभळट काळा गाभा. झाड वाकडे-तिकडे वाढते, आत बऱ्याचदा पोकळ निघते. शेतानीचे वळसे आणि पोकळी पुष्कळदा झाडानेच दिलेल्या असतात, कारागीर फक्त त्यांच्या मागे जातो. तोडण्याजोगे झाड व्हायला सत्तर ते शंभर वर्षे लागतात. क्लॅरिनेट आणि ओबो ही युरोपीय वाद्ये याच लाकडाची होतात, त्यामुळे चांगला सरळ ओंडका वाद्यवाल्यांकडे जातो आणि वाकडा कोरणाऱ्यांच्या वाट्याला येतो. गेल्या काही दशकांत दारेसलामच्या कोरणाऱ्यांना लाकूड अधिकाधिक दुरून आणावे लागले. २००९ साली किल्वा जिल्ह्यातील किकोले आणि किसांगी या गावांच्या जंगलांना जबाबदार वृक्षतोडीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. गावानेच सांभाळलेल्या नैसर्गिक जंगलाला ते मिळण्याची आफ्रिकेतील ती पहिली वेळ. पूर्वी ओंडक्यामागे गावाच्या हातात नाममात्र पैसे पडत, या व्यवस्थेत गाव स्वतः विक्रेता झाले.

आपल्या निर्यातदारांना ‘साइट्स’ हे नाव या लाकडामुळेच परिचित झाले आहे. दुर्मीळ होणाऱ्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील हा आंतरराष्ट्रीय करार. २०१७ च्या जानेवारीपासून जवळजवळ सगळे डालबर्जिया घराणे त्याच्या परवान्याखाली आले, आणि सहारनपूरच्या शीशमवाल्यांचे परदेशी ऑर्डर अडकले. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली. वाद्यांचे कारखाने युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांचा आवाज लवकर ऐकू गेला असे कोणी म्हटले तर आम्ही भांडणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत हिंदुस्थानच्या मागणीनंतर शीशमच्या वस्तूंबाबत खुलासा झाला की दर नगाचे वजन १० किलोच्या आत असेल तर एका खेपेत कितीही नग परवान्याविना पाठवता येतील. माकोंदेच्या छोट्या बिनादामूला वजनाची ही अडचण नाही. माणसाएवढा उजामा मात्र कागदाशिवाय हलत नाही, म्हणून मोठ्या दालनांना पॅकिंग, परवाना आणि जहाजाची व्यवस्था स्वतःकडेच ठेवावी लागते. गिऱ्हाईक खरे तर या सोयीचेही पैसे देत असते.

कोणी बंधू त्या बाजूला गेले आणि खरेदीचा विचार झाला तर दोन गोष्टी. म्पिंगो सुकताना चिरतो. वातानुकूलित खोलीत किंवा आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात महिन्याभरात पोटातून तडकू शकतो, तेव्हा शिल्पाच्या तळाला जुनी चीर आहे का आणि ती मेण-भुशाने भरली आहे का ते आधी बघावे. दुसरे असे की फुटपाथवर हलक्या पांढऱ्या लाकडाला काळे करून म्पिंगो म्हणून विकतात. नग हातात घेऊन वजन पाहावे, तळाशी कुठे फिकट थराचा तुकडा मुद्दाम राखला आहे का ते शोधावे, कारण अस्सल कारागीर तो पुष्कळदा ठेवतो. आणि ओल्या रुमालाने एक कोपरा जोरात घासावा. रुमाल काळा झाला तर समजावे की आपण बुटपॉलिश पाहतो आहोत.